नकलेवर तगलेली घरं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात मी क्रोशाचा एक टेबलक्लॉथ मांडला होता. तीन महिन्यांचं काम. एका बाईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, ''छान आहे हो, पण ही लेसची नक्कलच ना?'' किंमत ऐकून त्यांनी तो घडी करून परत ठेवला. मला राग आला. पण घरी आल्यावर वाटलं, बाई खोटं बोलल्या नाहीत. क्रोशा नक्कल करतच वाढला. पण का?

त्यासाठी आयर्लंडला जायला हवं. १८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं दगावली. जवळपास तेवढीच देश सोडून गेली. शेतातून काही मिळणार नव्हतं. इकडे श्रीमंत घरांत व्हेनिसच्या जुन्या लेसची हौस होती. ती लेस साध्या सुईदोऱ्याने, एकेक टाका घालत करायची. हातभर कामाला महिने जात. क्रोशाला लागते एक आकडी सुई आणि दोरा. साखळी आणि खांब जमले की हात बसतो. मग कॉर्कच्या जोगिणींनी आणि क्लोनिस गावच्या पाद्र्यांच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी बायाबापड्यांना ही कला शिकवली.

नक्कल करतानाही डोकं चालवलं होतं. व्हेनिसच्या लेसमधला उठाव आणण्यासाठी जाड दोऱ्यावर विणायचं, फुलं-पानं सुटी करायची आणि शेवटी कापडावर मांडून जाळीने जोडायची. त्यामुळे एकीने गुलाब करावा, दुसरीने पान, तिसरीने जोडावं. मांडीवर मावेल एवढंच काम, चुलीपाशी बसूनही होणारं.

आपल्या दारावरचं 'सुस्वागतम्' लिहिलेलं तोरण आठवा. चौकटी मोकळ्या सोडून, काही भरून अक्षरं काढायची ही रीतसुद्धा उसनी. युरोपात आधी गाठींची जाळी विणत आणि मग सुईने घरं भरत. क्रोशात जाळी आणि भरण एकाच वेळी होतं. म्हणजे नक्कल केली ती वेळ वाचवण्यासाठी. गरिबाला वेळ हाच पैसा.

गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रं आयरिश क्रोशाचीच नक्कल करू लागली. पण ती दिसण्यापुरती. क्रोशाचा खरा टाका घालणारं यंत्र आजही बाजारात नाही. म्हणून दुकानात खरा क्रोशा स्वस्त दिसला, तर समजा, कुणाच्या तरी हातांना कमी मोल मिळालंय. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिलं, तेही हेच सांगतं: बायका घरात बसून 'फावल्या वेळात' विणतात असं म्हटलं, की मजुरी द्यायला नको.

तो टेबलक्लॉथ अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या प्रदर्शनात पुन्हा मांडणार आहे. किंमत कमी करणार नाही. फक्त चिठ्ठीवर किमतीखाली लागलेले तास लिहीन. मग नक्कल म्हणा, हरकत नाही.