अक्षरांचा पडदा आणि मुलांची नावे

(रहिमतपूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



फळ्यावर लिहिण्यापूर्वी चांगला शिक्षक जागेची वाटणी मनाशी ठरवितो. टर्मिनल, म्हणजे केवळ अक्षरे दाखविणारा संगणकाचा पडदा. त्यासाठी आज्ञावली रचणारासही हेच करावे लागते. १९७८ साली निघालेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर २४ ओळी व प्रत्येक ओळीत ८० घरे असत. एका घरात एक अक्षर. तो साचा आजही बराचसा टिकून आहे.

या रचनेचे नियम थोडे आहेत. एका पडद्यावर एकच काम असावे. कोणती कळ दाबली असता काय होईल, ते तळच्या ओळीत लिहावे. चूक झाल्यास नुसता लाल रंग दाखवू नये. ‘महिना १२ हून अधिक आहे’ असे शब्दांत सांगावे.

परंतु हा साचा रोमन लिपीसाठी घडला. देवनागरीची अडचण ‘रहिमतपूर’ या नावावरूनच कळते. पहिलीतले मूल त्यात र, हि, म, त, पू, र अशी सहा अक्षरे मोजते. युनिकोड संकेतपद्धतीत वेलांटी व उकार ही निराळी चिन्हे असल्यामुळे ती आठ होतात. सहा घरे पुरतील असे समजून सहाव्या चिन्हावर नाव तोडले, तर ‘रहिमतप’ एवढेच उरते!

यावर उपाय आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट कार्डाच्या साहाय्याने डॉसच्या अक्षर-पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की संकेतपद्धतीस मान्यता दिली. साठवणीतील चिन्ह वेगळे व पडद्यावरील आकार वेगळा, हे त्यामागील तत्त्व होय. यास्तव नावाची जागा चिन्हांवरून ठरवू नये, पडद्यावर दिसणाऱ्या आकाराच्या रुंदीवरून ठरवावी. आणि नाव तोडणे भागच पडले तर ते अक्षराच्या मध्ये कधीही तोडू नये.

शाळेच्या नोंदीत चुकलेले नाव दाखल्यात उतरते आणि मुलाच्या मागे वर्षानुवर्षे लागते. म्हणून हजेरीची कोणतीही आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी शिक्षकाने ज्ञानेश्वर, कृष्णा, राजश्री अशी नावे भरून पाहावीत, एखादे अक्षर पुसून पाहावे आणि छापील प्रत मूळ नोंदवहीशी ताडावी. जोडाक्षरे तपासण्याचे काम शिक्षकाइतके चोख दुसरा कोण करणार?