भिंतीतील उष्णतेचा प्रवास

वैशाखात बडोद्याचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरात शिरणाऱ्याला गारवा लागतो. आणि नव्या घराच्या वरच्या मजल्यावर मात्र दिवेलागणीलाही बसवत नाही. ऊन दोन्ही घरांवर सारखेच पडते. भेद आहे तो उष्णतेच्या चालीचा.

घन पदार्थात उष्णता वाऱ्यासारखी वाहत नाही. तापलेल्या बाजूचे अणू जोराने कंप पावतात, शेजाऱ्यांना हलवितात, आणि तो कंप कणाकणाने पुढे सरकतो. धातूंत मोकळे इलेक्ट्रॉन हे काम फार त्वरेने करतात. म्हणून तांबे विटेच्या सुमारे पाचशे पट सुलभतेने उष्णता वाहून नेते. विटेच्या छिद्रांत हवा कोंडलेली असते आणि हवा तर विटेहूनही मंद वाहक. (भिंत पावसाने भिजली की छिद्रांत पाणी भरते आणि हा गुण बराचसा जातो.)

या वहनाचे गणित फुरिए या फ्रेंच पंडिताने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. त्यानुसार दिवसाची उष्णता भिंतीत लाटेसारखी शिरते व आत जाताना क्षीण होत जाते. चौदा इंची विटेची भिंत ओलांडण्यास तिला दहा-अकरा तास लागतात. दुपारची झळ आत पोचेपर्यंत मध्यरात्र होते, तिचा अल्प अंशच उरतो, आणि तोवर खिडक्या उघडून बाहेरचा गार वारा आत घेता येतो. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या जाड भिंतींनाही हाच न्याय लागू आहे.

चार-पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबला मात्र तीन-चार तास पुरतात. दुपारचे ऊन संध्याकाळी छताच्या खालच्या अंगाला उतरते. पंखा लावावा तर तो तीच तापलेली हवा खाली ढकलतो. मुलांना झोप येत नाही. स्लॅब दुप्पट जाड करणे कोणत्या बिऱ्हाडाला परवडणार? गच्चीला चुन्याचा पांढरा हात देणे किंवा तीवर चिनीमातीचे पांढरे तुकडे बसविणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. कारण परतविलेल्या उन्हाला प्रवास करावाच लागत नाही.

जमिनीतही हीच लाट चालते. दिवसाची लाट हातभर खोलीवर जवळजवळ विरते. वर्षाची लाट मात्र कित्येक हात खाली उतरते, तीही सावकाश. सुमारे सात मीटरवर ती अर्धे वर्ष मागे पडलेली असते. राजवाड्याच्या आवारातील नवलखी वावेच्या पायऱ्या उतरताना वैशाखात गारवा वाढत जातो. त्याला सावली आणि पाणी कारण आहेच. पण तिच्या भिंतींमागील खोल मातीला वर पेटलेल्या उन्हाळ्याची वार्ता अजून पोचलेली नसते.