विचारणाऱ्याने आधी घाम दाखवावा काय?

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी असंख्य माणसे आपली अडचण इंटरनेटवर मांडतात आणि अनोळखी माणसे एक पैसाही न घेता ती सोडवून देतात. या परस्परसाह्याच्या व्यवहारात एक वाद मात्र कायम आहे. उत्तर मिळण्यापूर्वी विचारणाऱ्याने आपले प्रयत्न दाखवलेच पाहिजेत काय?

एरिक रेमंड यांनी २००१ साली प्रश्न कसे विचारावेत यावर एक मार्गदर्शिका लिहिली. आधी शोधा, वाचा, करून पाहा, मग विचारा, असा तिचा आशय. २००८ साली निघालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर तर प्रश्नामागे शोध दिसला नाही म्हणून विरोधी मत देता येते. उत्तर देणाऱ्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. कॉलेजचा गृहपाठ जसाच्या तसा पुढे टाकून “करून द्या” म्हणणाऱ्याला वेठबिगार हवा असतो. आणि वेठीला आमचा विरोध आहे, मग ती कोणाचीही असो.

परंतु ‘प्रयत्न’ या एका शब्दात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. युनियनच्या कचेरीत कामावरून काढलेला कामगार येतो. आम्ही त्याच्याकडे पत्र मागतो, तारीख विचारतो, पगाराची स्लिप पाहतो. त्यावाचून सल्ला देताच येत नाही. पण “कायदा वाचून आलात काय?” असे आम्ही विचारीत नाही. तो वाचून उमगला असता, तर त्याने आमचा जिना कशाला चढला असता?

येथेही तसेच आहे. कोणता कोड चालवला, त्यात काय घातले, काय व्हायला हवे होते, काय झाले, एररचा संदेश शब्दशः काय आला, हे त्या प्रश्नाचे कागद होत. ते मागणे रास्त. घामाचा पुरावा मागणे म्हणजे मात्र दारावर जकात बसवणे. कोणत्या शब्दाने शोधावे, हेच तर नवशिक्याला ठाऊक नसते. शिवाय एका चांगल्या उत्तराचा उपयोग पुढे अनेकांना होतो. पहिला विचारणारा किती दमला होता, हे त्यांतले कोणी पाहत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले. ते प्रयत्नांचा हिशेब मागत नाही, पाणउताराही करीत नाही. त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवरील नवे प्रश्न झपाट्याने घटले. पण यंत्र चुकीचे उत्तरही ठामपणे देते, म्हणून डिसेंबर २०२२ मध्येच तेथे यंत्रलिखित उत्तरांना बंदी झाली. म्हणजे परिश्रमाची अट उत्तर देणाऱ्यालाही लागू झाली! आणि यंत्राला एकट्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्याच्या हाती पडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: कागद मागा, घाम मागू नका. कागद आणले नसतील तर कोणते आणायचे ते सांगा. दार लावू नका. ज्याला एकदा कागद जमवायला शिकवले, तो पुढच्या खेपेस दुसऱ्याचे कागद घेऊन येतो. संघटना अशीच वाढते.