विनोदी मालिकांचे ऋणानुबंध

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलादाचा कारखाना उभा राहतो. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन १९५९ साली झाले, आणि तिच्याभोवती नाना प्रांतांतून आलेल्या माणसांचे एक नगर वसले. या नगराचा दूरदर्शनवरील एका जुन्या विनोदी मालिकेशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु तो आहे; आणि तो कसा जुळला हे पाहण्याजोगे आहे.

‘ये जो है जिंदगी’ ही मालिका १९८४ साली सुरू झाली. तिचे लेखक शरद जोशी. शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतील उपरोधकार. कोकणातले शफी इनामदार तीत गृहस्थ झाले. त्याआधीच्याच वर्षी ‘अर्धसत्य’मध्ये ते पोलीस अधिकारी होते. गृहिणी झाल्या १९७९ च्या ‘मिस इंडिया’ स्वरूप संपत. सतीश शाह यांचे तर नवल! १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मध्ये त्यांनी प्रेत होऊन लोकांना हसविले, आणि या मालिकेत ते भागाभागाला नवा अवतार घेऊ लागले. दोन्हींचे दिग्दर्शन कुंदन शाह यांच्याकडे होते.

याच कुंदन शाह यांनी १९८८ साली ‘वागले की दुनिया’ घडविली. तीत सौ. वागले झालेल्या भारती आचरेकर या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. पुढे २०१३ च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये त्या पडद्यावर दिसल्याच नाहीत, वरच्या मजल्यावरून ऐकू येणाऱ्या नुसत्या आवाजाने त्यांनी एक संपूर्ण बाई उभी केली.

आता भिलाईकडे वळू. ‘ये जो है जिंदगी’चे आणखी एक दिग्दर्शक रमण कुमार. त्यांनी १९९३ मध्ये ‘तारा’ ही मालिका सुरू केली, आणि तेथे त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली ती भिलाईत जन्मलेल्या अनुराग बसू यांनी. बसूंचे आईवडील रंगभूमीवर वावरणारे. पुढे २०१२ साली याच बसूंनी ‘बर्फी’ काढला. त्याच्या नायकाला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही, तरी प्रेक्षक हसतात आणि गहिवरतात.

याला आपण योगायोग म्हणून मोकळे होतो. पण कला हातून हाती जाते, ती अशाच उमेदवारीतून. विनोद तर एकट्याने साधतच नाही; एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने अचूक झेलावा, तेव्हा तो रंगतो. म्हणूनच ही मंडळी पुन्हा पुन्हा एकमेकांना शोधत आली.

कारखान्याच्या गावी पाळी संपवून चार माणसे नाटकाच्या तालमीला जमतात, तेव्हा तिला रिकामपणाचा उद्योग म्हणून हिणवणारे थोडे नसतात. परंतु त्या तालमीच्या कोपऱ्यात एखादे मूल टक लावून बसलेले असते. तालीम बंद पडली, तर त्या मुलापर्यंत येणारा धागा तेथेच तुटतो. तो जपणे आपल्या हाती आहे.