उतारवयातील बळ



व्यायामाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे तालीम उभी राहते, आणि तालमीत दिसतो तो विशीतला पोर. पन्नाशी उलटली की आपण तांबड्या मातीला दुरूनच नमस्कार करतो आणि सकाळचे फिरायला लागतो. फिरणे चांगलेच, हृदयाला त्याचा मोठा आधार आहे. पण खुर्चीतून उठण्याचे, जिना चढण्याचे बळ राखायला नुसते फिरणे पुरत नाही. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

चाळिशीच्या आगेमागे स्नायू झिजू लागतात आणि साठीनंतर झीज वाढते. ती कळत नाही. कळते ती न्हाणीघरात पाय घसरतो आणि सावरायला मांडी साथ देत नाही त्या दिवशी. खुब्याचे हाड मोडते आणि काल घर चालवणारा माणूस परस्वाधीन होतो.

हे वयच तसे, त्याला इलाज काय, असे कोणी म्हणेल. बोस्टन येथे डॉ. मारिया फियातारोने यांनी शुश्रूषागृहातील दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. त्या वृद्धांचे सरासरी वय होते ९०! नऊ जणांनी हा क्रम पुरा केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांची काठी सुटली. गंमत अशी की मांडीचा स्नायू वाढला तो सुमारे ९ टक्केच. बाकीचे बळ आले कोठून? निजलेल्या स्नायुतंतूंना जागे करण्याची हातोटी मज्जातंतूंना पुन्हा साधली. प्रयोग लहान होता खरा. पण १९९४ साली शंभर वृद्धांवर केलेल्या प्रयोगातही गुण आला.

आपल्या आज्या तालमीत गेल्या नव्हत्या. जाते आणि विहिरीचा पोहरा हीच त्यांची तालीम. (ते कष्ट परत यावेत असे मी मुळीच म्हणत नाही.) गिरणी आली, नळ आला, फार बरे झाले, पण त्या ताणाची जागा रिकामीच राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना सांगितले ते आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देण्याचे. घरची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात न टेकता उठा-बसा. भिंतीवर जोर काढा. श्वास मात्र कोंडू नका, रक्तदाब चढतो. हृदयविकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दहा उठाबशा सहज होऊ लागल्या की हातात पाण्याने भरलेली बाटली घ्या. सोप्या झालेल्या श्रमाने बळ वाढत नाही.