सायकल आणि इंग्रजी संभाषणाची परीक्षा

परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिला आयेल्ट्स असे म्हणतात. 1989 पासून ही परीक्षा या नावाने चालत आली आहे. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण ही तिची चार अंगे. पैकी संभाषणाला वेळ अवघा अकरा ते चौदा मिनिटांचा. पण उमेदवाराची झोप उडवणारे अंग बहुधा हेच असते. समोर परीक्षक, ध्वनिमुद्रण चालू, आणि प्रश्न कशाविषयी? आपले गाव, आपले घर, आपले जेवण किंवा आपली सायकल! अणुशक्तीवर प्रश्न आला असता तर एक वेळ घाबरणे समजण्यासारखे होते; सायकलीवर बोलताना पदवीधर माणसाची जीभ का अडखळावी?

उदाहरणादाखल बेळगावची एक परिचारिका कल्पू या. तिला ब्रिटनमध्ये काम करावयाचे आहे. तेथील परिचारिकांच्या नोंदणी परिषदेने ही परीक्षा ज्या अटींवर ग्राह्य धरली आहे, त्यांत वाचन, श्रवण व संभाषण यांत प्रत्येकी 7 आणि लेखनात 6.5 श्रेणी मागितली आहे. कमाल श्रेणी 9. म्हणजे संभाषणात 6.5 मिळाले, तर बाकी सर्व उत्तम असूनही नोंदणी अडते. पुन्हा शुल्क, पुन्हा प्रतीक्षा, आणि घरच्यांचे जुळवून आणलेले सारे हिशेब पुन्हा विस्कटतात. अर्ध्या श्रेणीचे मोल एवढे आहे.

परीक्षक विचारतो, ‘डू यू हॅव अ बायसिकल?’ ती उत्तरते, ‘येस, आय ॲम हॅविंग वन सायकल.’ अर्थ पोचला, यात शंका नाही. पण इंग्रजीत मालकी सांगणाऱ्या ‘हॅव’ला असे चालू वर्तमानाचे रूप लागत नाही, आणि ‘वन’ म्हटले की मोजदाद केल्यासारखे वाटते, जणू दुसरी का नाही असे कोणी विचारले होते. मराठीला उपपद नाही, म्हणून आपण ते एक तर गाळतो किंवा त्याच्या जागी ‘एक’ बसवतो. ‘येस, आय डू. इट्स ॲन ओल्ड वन, इट वॉज माय फादर्स’, एवढे म्हटले तरी पुरे. व्याकरण साधते, शिवाय एक लहानशी खरी गोष्टही सांगितली जाते.

पुढचा प्रश्न, किती वेळा चालवता? ‘आय ॲम ड्रायव्हिंग सायकल डेली.’ येथे चूक शब्दकोशाची नाही, मराठीच्या औदार्याची आहे. आपण मोटार चालवतो, गाडा चालवतो, सायकल चालवतो, शाळा चालवतो आणि संसारही चालवतो. एका क्रियापदात सारे भागते. इंग्रजी मात्र आत बसून हाकण्याच्या वाहनाला ‘ड्राइव्ह’ म्हणते आणि ज्यावर मांड ठोकावी त्याला ‘राइड’. सायकलीने इंग्रजीत आपली परिभाषा घोड्याकडून घेतली आहे. 1817 साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने पायांनी जमीन रेटीत जाण्याचे जे दोन चाकांचे यंत्र काढले, त्याला इंग्लंडात लोक लाकडी घोडाच म्हणू लागले. पुढे पायटे आले, साखळी आली, 1888 मध्ये डनलॉपने हवेची धाव बसवली. पण बसण्याच्या जागेला इंग्रज अजून ‘सॅडल’ म्हणजे खोगीरच म्हणतो. हे एकदा ध्यानात ठेवले की ‘राइड’ विसरणार नाही. घोकंपट्टीपेक्षा हा मार्ग बरा.

तिसरा प्रश्न, सायकल केव्हा शिकलात? ‘आय ॲम रायडिंग सिन्स चाइल्डहूड.’ मराठीत ‘लहानपणापासून चालवते’ हे निर्दोष आहे, कारण आपला वर्तमानकाळ मागचेही पोटात घेतो. इंग्रजीत तेव्हापासून आतापर्यंत आलेल्या क्रियेला निराळे रूप आहे: ‘आय हॅव बीन रायडिंग सिन्स आय वॉज एट.’ मराठी भाषकांच्या तोंडून ही चूक वारंवार निघते, आणि ती एकदा सुटली की पुष्कळ वाक्ये आपोआप सुधारतात.

याच प्रश्नावर थोडे रेंगाळण्यासारखे आहे. या परिचारिकेने लहानपणी वडिलांच्या उंच सायकलीच्या दांडीखालून एक पाय घालून, अंग एका बाजूला तोलीत सायकल शिकली असेल, तर तिने तेच सांगावे. दांडीला ‘क्रॉसबार’ म्हणतात हे ठाऊक नसेल तर ‘द बार बिटवीन द सीट अँड द हँडल’ म्हणावे. शब्द आठवत नसता वर्णनाने वाट काढणे हा दोष नव्हे. गुणदानाच्या निकषांत त्याची दखल घेतली जाते. हे निकष चार आहेत: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. चारींना सारखेच वजन. सायकलीविषयीच्या ज्ञानाला यांत एकही गुण नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

सायकल बिघडते तेव्हा मराठी माणसाचे इंग्रजी अधिकच बिघडते. आपण पंक्चर ‘काढतो’, म्हणून ‘आय रिमूव्ह्ड द पंक्चर’ तोंडातून निसटते. तेथे ‘मेंड’ किंवा ‘रिपेअर’ हवे. हवा ‘भरतो’, पण इंग्रज ‘पंप्स अप द टायर्स’. आपली साखळी ‘पडते’, त्याची ‘कम्स ऑफ’. ‘द चेन फेल’ म्हटल्यास ती टेबलावरून खाली पडली असे वाटावे. ब्रेक ‘लागला नाही’ याचे भाषांतर करूच नये, ‘द ब्रेक्स डिडन्ट वर्क’ म्हणावे. धाकट्या बहिणीला ‘डबल सीट’ नेले, हा शब्द दिसायला इंग्रजी असला तरी जन्माने आपलाच. ‘आय टुक माय सिस्टर ऑन द बॅक’ हे सर्वत्र कळते. आणि ‘बाइक’! आपल्याकडे बाइक म्हणजे मोटारसायकल, ब्रिटनमध्ये साधारणतः पायगाडी. बाइकवरून बोलता बोलता उमेदवार पेट्रोलच्या दरावर आला, की ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

उच्चाराविषयी एकच सांगण्यासारखे. ‘मोटरसायकल’मधला ‘साय’ तसाच राहतो. पण ‘बायसायकल’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. तो शब्द ‘बायसिकल’, आघात पहिल्या अक्षरावर. बाकी मराठी वळण उच्चारात उमटले म्हणून गुण जात नाहीत. बोलणे स्पष्ट कळले पाहिजे. साहेबी सूर ओढूनताणून काढणारा उमेदवार बहुधा स्वतःचीच स्पष्टता घालवून बसतो.

परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक कागद हाती देतात. विचाराला एक मिनिट, बोलायला एक ते दोन मिनिटे. आठवणीतल्या एखाद्या प्रवासाचे वा जिव्हाळ्याच्या वस्तूचे वर्णन करावयाचे. येथे शिकवणीवर्गांतून पाठ करून आणलेली भाषणे बाहेर पडतात. सायकलीने प्रदूषण टळते, प्रकृती सुधारते, इंधन वाचते. सारे खरे, आणि सारे निर्जीव. पाठ केलेला मजकूर परीक्षकाला ओळखू येतो: वेग एकाएकी वाढतो, डोळे छताकडे जातात, आणि मध्येच एक शब्द विसरला की गाडी ठप्प होते. उलट जुन्या सायकलीचा गंजका घंटानाद किंवा रात्रपाळी संपवून पहाटे रुग्णालयातून घरी येताना लागणारा चढ, असे काही ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला शब्द शोधावे लागले तरी ओघ राहतो. ते एक मिनिट वाक्ये लिहिण्यात घालवू नये. चार-पाच शब्द टिपावेत.

तिसऱ्या भागात मते विचारतात. शहरांत सायकली का कमी झाल्या? येथे बेळगावच्या उमेदवाराजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गावातील सायकलींच्या दुकानाने झाला. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज तेथे स्वयंचलित दुचाकींचे राज्य आहे. हे सांगताना मात्र ‘बिफोर, पीपल वेअर रायडिंग’ असे न म्हणता ‘पीपल यूस्ड टू राइड’ म्हणावे. आपल्या ‘चालवीत असत’ला इंग्रजीत तोच जवळचा प्रयोग.

उपाय सुचवताना ‘जर–तर’ आडवे येते. ‘सुरक्षित मार्ग असतील तर लोक सायकल चालवतील’ यात मराठीने दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवला, म्हणून ‘इफ देअर विल बी सेफ लेन्स’ असे निघते. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला भविष्य चालत नाही: ‘इफ देअर आर सेफ लेन्स, मोर पीपल विल राइड.’ आणि असे मार्ग होतील अशी आशाच नसेल, तर ‘इफ देअर वेअर सेफ लेन्स, मोर पीपल वुड राइड.’ आपल्या रस्त्यांच्या सद्यःस्थितीत दुसरे वाक्य अधिक कामी येण्याचा संभव आहे.

तयारीला महागडे वर्ग लागतातच असे नाही. खिशातल्या फोनवर सायकलीवरील तीन प्रश्नांची उत्तरे ध्वनिमुद्रित करावीत आणि दुसऱ्या दिवशी ऐकावीत. त्याच दिवशी ऐकली तर कान मनातले ऐकतो, तोंडातले नव्हे. प्रत्येक वेळी एकाच दोषावर नजर ठेवावी. एक आठवडा फक्त उपपदे, पुढचा आठवडा फक्त ‘सिन्स’. ऐकताना चूक सापडली की ते वाक्य तीनदा मोठ्याने नीट म्हणावे आणि मग त्याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या शब्दांत पुन्हा द्यावे. तेच उत्तर पुन्हा म्हटले तर ते पाठ होऊन बसते. घरात इंग्रजी जाणणारे कोणी असेल तर त्याला समोर बसवावे, मात्र मध्येच टोकू नये अशी अट घालून. टोकायचे ते उत्तर संपल्यावर.