आदिवासी भागातील डाऊन सिंड्रोम : प्रमाण कमी की मोजणी कमी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आदिवासी खेड्यापाड्यांत डाऊन सिंड्रोमची मुले क्वचितच आढळतात, असे विधान अनेकदा ऐकावयास मिळते. त्याच्या पुष्ट्यर्थ दोन तर्क दिले जातात. निसर्गाच्या सान्निध्यात राहणारा माणूस मुळातच निरोगी असतो, हा पहिला. आदिवासी मुली लवकर माता होतात, हा दुसरा. पहिला तर्क म्हणजे शहरी भाबडेपणा आहे. त्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही. दुसऱ्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रे आली की ही अवस्था उद्भवते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले. शंभरातील सुमारे ९५ मुलांत हे जादा गुणसूत्र बीजपेशी तयार होताना झालेल्या आकस्मिक चुकीमुळे आलेले असते. आईवडिलांचा दोष, देवीचा कोप, ग्रहणातील बाहेर पडणे, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. आनुवंशिक स्वरूपाची प्रकरणे फार थोडी. सिकल सेलची गोष्ट वेगळी. मलेरियाच्या प्रदेशात त्या जनुकाच्या वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळाले, म्हणून तो आजार पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट प्रदेशांत आणि जमातींत साठत गेला. डाऊन सिंड्रोमला असा भूगोल नाही, जातजमातही नाही. जगभर साधारणपणे दर ७०० ते १००० जन्मांमागे एक, हेच त्याचे प्रमाण आहे.

आता मातेच्या वयाविषयी. विसाव्या वर्षी ही शक्यता सुमारे दीड हजारांत एक असते, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. तेव्हा तरुण मातांच्या समाजात प्रमाण काहीसे कमी राहील, हे मान्य केले पाहिजे. परंतु लवकर सुरू झालेली बाळंतपणे लवकर थांबतातच असे नाही. गर्भनिरोधनाची साधने जेथे पोहोचत नाहीत तेथे ती पस्तिशीपलीकडेही चालू राहतात. शिवाय शहरातील सुस्थितीतील स्त्रीला गर्भारपणातच तपासणी उपलब्ध असते आणि कायद्याच्या चौकटीत निर्णय घेता येतो. दुर्गम पाड्यावरील स्त्रीपर्यंत ती तपासणी पोहोचत नाही. म्हणजे तेथील जन्मांच्या आकड्यात या मार्गाने होणारी घटही नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. एक लाख लोकसंख्येचा आदिवासी तालुका घ्या. हजारी वीस जन्मदर धरला तर वर्षाला दोन हजार मुले जन्मतात. हजारात एक या हिशेबाने त्यांत दरवर्षी दोन मुले डाऊन सिंड्रोमची असणार. दहा वर्षांत वीस. मातांचे वय कमी म्हणून त्यांतील काही वजा करा. चौदा-पंधरा तरी राहतील. आता त्या तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या ओळखीची अशी मुले बोटांवर मोजावीत. दोन? तीन? मग उरलेली कोठे आहेत?

ह्याच प्रश्नापाशी वैद्यकशास्त्र संपून अर्थशास्त्र सुरू होते. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयविकार असतो. स्नायू शिथिल असल्यामुळे बाळाला नीट चोखता येत नाही. एकेका पाजण्याला तास तास लागतो. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या, रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या स्त्रीला पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी! रोज बुडवून तिने बाळाला तास तास पाजावे कसे? बाळाचे वजन घटते, थंडीत न्यूमोनिया होतो आणि 'बाळ अशक्त होते' एवढ्यावर प्रकरण मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात दर हजार जन्मांमागे सुमारे ४२ मुले पाच वर्षांच्या आत दगावतात; अनुसूचित जमातींत सुमारे ५०. या पन्नासांत डाऊन सिंड्रोमची किती, याची नोंद कोणत्या रजिस्टरात होणार? त्याचे निदानच झालेले नसते.

अमेरिकेत १९८३ साली या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते, आज ते ६० च्या आसपास आहे. गुणसूत्र तर तेच राहिले. हृदयाच्या शस्त्रक्रिया पहिल्या वर्षात होऊ लागल्या आणि मुलांना आश्रमांत कोंडून ठेवणे बंद झाले.

निदानाच्या प्रश्नालाही इतिहास आहे. १८६६ साली जॉन लँगडन डाऊन या ब्रिटिश डॉक्टरने या मुलांचे वर्णन करताना त्यांना 'मंगोल' वंशाच्या नावाने संबोधले. साम्राज्यशाहीच्या काळात मानववंशांची उतरंड लावणे हे शास्त्र समजले जात होते. १९६१ साली शास्त्रज्ञांनी त्या शब्दावर आक्षेप घेतला आणि १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तो वगळण्याची मागणी केली. नाव गेले, तरी चेहरा पाहून निदान करण्याची सवय उरली. ईशान्येकडील अनेक जमातींत डोळ्यांची ठेवणच तशी असते. तेथे केवळ चेहऱ्यावर विसंबणारा डॉक्टर चुकू शकतो. स्नायूंचा ढिलेपणा, तळहातावरील एकच आडवी रेषा, पायाच्या अंगठ्याशेजारील रुंद फट ही लक्षणे पाहावी लागतात आणि अखेरची खात्री गुणसूत्रांच्या तपासणीनेच होते. ती प्रयोगशाळा पाड्यापासून शेकडो किलोमीटर दूर असते.

कागदावर व्यवस्था आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा नावानिशी समावेश आहे. नवजात बालकाची घरी जाऊन पाहणी आशांनी करावयाची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा फिरते पथक यावयाचे, संशयित बालक जिल्हा केंद्रात पाठवावयाचे. मात्र ही पहिली पायरी जिच्या खांद्यावर उभी आहे ती आशा सरकारच्या लेखी कामगारच नाही, 'स्वयंसेविका' आहे. योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे ही भारतीय श्रम परिषदेची २०१३ ची शिफारस धूळ खात पडली आहे. पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेला दोघांचा रोज बुडतो, वर एस.टी.चे भाडे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली, त्यांत या मुलांना बौद्धिक अक्षमतेच्या सदराखाली हक्क आहेत. पण प्रमाणपत्राविना हक्क हाती येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी शहरातील कार्यकर्त्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. पाड्यावर असे मूल लपविलेलेच असते असे नव्हे. ते शेळ्यांमागे जाते, लाकडे आणते, सणाला सर्वांबरोबर नाचते. घरच्यांच्या लेखी ते 'अपंग' नसते, 'भोळे' असते. म्हणून गणकाने विचारले की घरात कोणी अपंग आहे काय, तर उत्तर 'नाही' असेच येते. समाजाचा हा आपलेपणा मोलाचा आहे. पण त्याच उत्तरामुळे मुलाचे पेन्शन, उपचार आणि शिक्षण बुडते.

२०११ च्या जनगणनेत 'मतिमंदत्व' या एका रकान्यात देशभरातील सुमारे १५ लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत डाऊन सिंड्रोमचा वेगळा आकडा नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी घोषित झाली आहे. 'घरात कोणी अपंग आहे काय' असे न विचारता, चालायला-बोलायला उशीर झालेले, शाळेत न टिकलेले मूल आहे काय, असे विचारीत शाखेच्या कार्यकर्त्यांनी आशाताईंसह आपापल्या पाड्यांची यादी त्याआधीच तयार केली पाहिजे. ती यादी जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवून प्रमाणपत्रांचे शिबिर तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी घ्यावे, अशी मागणी करता येईल. बाजाराच्या दिवशी माणसे तशीही येतात. त्यासाठी वेगळा रोज बुडत नाही.